बाबांचा खाडा

मी निघाले त्या दिवशी लालबागच्या आमच्या चाळीतली अर्धी माणसं गॅलरीत उभी होती आणि उरलेली आमच्या खोलीत. खाली टॅक्सी थांबली होती. नवरा आधीच टोरांटोला पोचलेला, मी एकटीच जाणार, त्यामुळे सल्ले देणाऱ्यांना नुसता ऊत आला होता. आईने माझ्या साड्यांच्या घडीत कुळथाच्या पिठाची पिशवी दडवली होती. बाबांनी बॅग उचलून बघितली, परत खाली ठेवली, चेन उघडली आणि ती पिशवी काढून फळीवर ठेवून दिली.

"माझां चेडू थंय जावन पिठी खावचां नाय," ते म्हणाले.

कुळथाने तुमचं काय घोडं मारलंय, असं आईने विचारलं. ते बॅग घेऊन जिना उतरायला लागले. मी आईच्या गळ्यात पडून रडले, पण मनात म्हटलं, बरं झालं, सुटले. मलाही पिठीचा वीट आला होता.

लालबागात राहिलेल्या आणि तिथून डोंबिवली, विरार, दुबई, कुठे कुठे पांगलेल्या माझ्या माणसांनो, तुमच्याही घरात असा एखादा पदार्थ असणार, मिलच्या संपानंतर ज्याचं कोणी नाव काढलं नाही. म्हणून हे तुम्हालाच सांगतेय.

बाबा मिलमध्ये मागावर होते आणि आई खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे पाटीबिटी काही नाही, आमचीच एक खोली. गावाकडून आलेले, एका खोलीत दाटीवाटीने राहणारे गडी पाळीप्रमाणे जेवायला यायचे. ते उठले की मग घरचे. ज्याला जेवायचं नसेल त्याने सकाळी दारातून सांगून जायचं, "आज खाडा." की आई भाताच्या टोपात तेवढी एक मूठ तांदूळ कमी टाकायची. तिचा हात इतका बसलेला होता की कधी शीत उरलं नाही आणि कधी कोणी अर्धपोटी उठलं नाही.

संप सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा ताटातले मासे गेले. मग तेल कमी झालं, मग खोबरं. गडी एकेक करून गावाला गेले. जे राहिले त्यांना आई आमच्याबरोबर जेवू घालायची, कारण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला जमलंच नाही. गावाहून मामा कुळीथ पाठवायचा. ते भाजून, दळून तिने पिठी सुरू केली. लसणाची फोडणी, कोकमाची दोन सोलं, मिरची. कधी चाळीमागच्या शेवग्याचा पाला त्यात, पावसात मिलच्या भिंतीकडेला उगवणारा टाकळा. सणाला काळे वाटाणे. काल घट्ट होती म्हणून आज पातळ, एवढाच काय तो बदल. मी आणि माझा धाकटा भाऊ सुऱ्या ताट बघूनच तोंडं वाकडी करायचो. बाबा बहुतेक वेळा जेवायला नसायचेच. सकाळी खाणावळीतल्या गड्यांसारखंच दारातून सांगायचे, "आज माझो खाडो धर," आणि वरळीला बीडीडी चाळीत शेवंताआतेकडे जायचे. तिच्या नवऱ्याची नोकरी मिलबाहेरची, त्यामुळे तिच्याकडे मासे शिजत. बाबा तिकडे बांगडे खातात आणि आम्हाला इथे पिठी, म्हणून आम्हा दोघांचा नुसता जळफळाट व्हायचा.

मिल काही उघडली नाही. पुढे बाबा फोर्टातल्या एका ऑफिसात वॉचमन झाले. ते काम मिळालं त्या दिवशी सुरमई घेऊन आले आणि त्यांनी जाहीर केलं की संपाचं जेवण या घरात पुन्हा शिजणार नाही. पिठी, टाकळा, शेवग्याचा पाला, काळे वाटाणे, सगळं एका फटक्यात बाद. आम्ही पोरं खूश होतो.

टोरांटोला मला एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम मिळालं. पेशंटचे डायट ट्रे लावायचे. तिथली डायटिशियन मोठी गोड मुलगी. ती आम्हाला कडधान्यं, पालेभाज्या, भरड धान्यं, प्लांट-बेस्ड प्रोटीन असं काहीबाही डोळे चमकवत समजावून सांगायची. मला हसू यायचं. अगं बये, मनात म्हणायचे, हे सगळं माझ्या आईने चाळीत रॉकेलच्या स्टोव्हवर करून झालंय, फक्त तेव्हा त्याला हेल्दी म्हणत नसत, हाल म्हणत.

आणि तरी पहिल्याच थंडीत, खिडकीबाहेर बर्फ आणि घरात कोणी नाही अशा एका दुपारी, ज्या पिठीचा वीट आला होता तिच्यासाठी मी ढसाढसा रडले. गुजराती दुकानात कुळीथ मिळाले. ते तव्यावर भाजून मिक्सरमधून काढले, टाकळ्याऐवजी केल नावाची तिथली पालेभाजी घातली. माझी मुलं त्यावरच वाढली, ब्राऊन राईसबरोबर मिटक्या मारत. फोनवर मात्र हे बाबांना कधी सांगितलं नाही.

मग सुऱ्याचा फोन आला. बाबांची शुगर बरीच वाढलीय, पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरत नाहीय. डॉक्टरांनी भात, गोड, तळलेलं कमी करायला सांगितलंय. कडधान्य, पालेभाजी, नाचणीची भाकरी वाढवा, नाहीतर पायाचं काही सांगता येत नाही, असंही बजावलंय. बाबा ऐकत नाहीत. पाव, जिलेबी आणि डोंगराएवढा भात चालूच. मी रजा टाकून लालबागला आले.

आले ती एकदम डायटिशियन होऊनच. पहिल्याच दिवशी शेवग्याचा पाला घालून पिठी केली, नाचणीची भाकरी केली. वास दारापर्यंत गेला. बाबांनी चपला घातल्या.

"आज माझो खाडो धर," म्हणाले आणि लंगडत खाली उतरले. नाक्यावर वडापाव खाल्ला असणार.

दुसऱ्या दिवशी काळे वाटाणे केले, पुन्हा खाडा. मी भडकले. फायबर, प्रोटीन, पायाच्या नसा, सगळं सुनावलं. या वयात असला माज बरा नाही, असंसुद्धा बोलून गेले. ते खाटेवर आडवे झाले. त्यांचा तो बँडेज बांधलेला पाय समोर दिसत होता आणि मला रडू आवरत नव्हतं.

त्या संध्याकाळी आई मोरीजवळ टाकळा निवडत बसली होती. मी शेजारी बसून बाबांच्या नावाने कुरकुरत होते. संपात स्वतः आतेकडे मासे हाणले, पिठी खाल्ली आम्ही, आणि एवढा तिटकारा यांना कशाचा, असं म्हणाले. आईचा हात थांबला.

"वरळीक जायत, पण जेवक नाय," ती हळूच म्हणाली. "शेवंताक्कान माका मागसून सांगल्यान. थंय सांगीत घराकडे जेवलंय, हंय सांगीत थंय जेवलंय."

लालबागहून वरळीपर्यंत चालत जायचे, बहिणीकडे चहा प्यायचे आणि चालत परत यायचे. घरातल्या टोपात एक मूठ तांदूळ कमी पडावा, तो आमच्यासाठी उरावा, म्हणून. आईला हे कळलं तेव्हा संप मागे पडला होता. तिने त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणजे पिठीचा वीट त्यांना आलाच नव्हता. त्यांनी ती धड खाल्लीच नव्हती. वरळीहून परत येऊन, उपाशी पोटी दारात उभं राहून आम्हाला ती खाताना, तोंडं वाकडी करताना पाहिलं होतं, तेवढंच.

मी उरलेल्या काड्या निवडून दिल्या. आईने टाकळा धुतला.

दुसऱ्या दिवशी मी सुऱ्याला डोंबिवलीहून जेवायला बोलावून घेतलं. मोठा टोप भरून पिठी केली, चाळीतल्या निम्म्या लोकांना पुरली असती एवढी. टाकळ्याची भाजी, भाकऱ्यांची चवड. व्याख्यान नाही, शुगरचा उल्लेख नाही. मी आणि सुऱ्या, दोघंही पन्नाशीच्या आसपासचे, बाबांच्या समोर जमिनीवर बसून जेवलो. सुऱ्याने दोनदा वाढून घेतलं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. बाबा खाटेवर बसून बघत होते, पण चपला घातल्या नव्हत्या.

आमची ताटं उचलल्यावर ते उठले, पाय ओढत शेगडीपाशी गेले, टोपावरचं झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं.

"पोरां जेवली गो?" त्यांनी आईला विचारलं.

"जेवली," आई म्हणाली. "उरला हा टोपभर. तुमी बसा आता."

ते बसले. आईने वाढलं. पहिला घास घेऊन बराच वेळ चघळत राहिले, आणि मग मीठ कमी आहे म्हणाले. सुऱ्या गॅलरीत निघून गेला. मी पुढे होऊन त्यांना आणखी एक पळी वाढली, त्यांनी नको म्हटलं नाही.

जखम भरायला वेळ लागला, पण भरली. मी इकडे टोरांटोला परत आले. रविवारी फोन केला की मी शुगर विचारते आणि ते विषय टाळतात, मग माझ्या मुलांचं विचारतात. मुलं आता दुसऱ्या शहरांत आहेत, काय खातात देव जाणे. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी आधी लालबाग म्हणायचे, मग काही वर्षं टोरांटो म्हणून पाहिलं. आता वाटतं, आपण पोटभर जेवलो की नाही हे विचारल्याशिवाय जो ताटावर बसत नाही, तो माणूस जिथे आहे ते घर. बाबा फोनवर विचारतात, "पोरां जेवली?" मी म्हणते, "जेवली, बाबा. आता तुम्ही बसा." मग तिकडे ताट ठेवल्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो आल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.