पाचवा लाल दोरा

माझं पोस्टिंग दिघीला झालं ते छप्पन सालच्या पावसाळ्यानंतर. हुद्दा हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियन. आमच्या वर्कशॉपचं काम लष्करी गाड्या दुरुस्त करण्याचं. सकाळी साडेपाचला पीटी, साडेसातला फॉल-इन, दुपारी दोनला काम बंद. दिघी तेव्हा लहानसं गाव होतं. भोसरीकडून येणारा रस्ता कच्चा, आणि आमच्या तारेच्या कुंपणापलीकडे ज्वारीची शेतं.

दोन वाजल्यानंतर आमचे कॅप्टन खन्ना साहेब एका रिकाम्या शेडमध्ये विमान बांधत असत. थट्टा नाही, खरंखुरं विमान. लाकडी सांगाडा, पुढे-मागे दोन माणसं बसतील एवढं. इंजिन महायुद्धानंतर मोडीत निघालेलं. ते साहेबांनी खडकी बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून उचललं होतं. हे सरकारी काम नव्हतं, साहेबांचा छंद होता. सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांनी परवानगी दिली होती, अट एकच: ड्यूटीच्या वेळेत त्याला हात लावायचा नाही. साहेबांनी मदतीला दोन माणसं निवडली. वायरिंगला मी, आणि रंगाला नाईक बबन ढमाले.

ढमाले तळेगाव दाभाड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला. फौजेत येण्याआधी बैलगाड्या रंगवायचा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा. वय सव्वीस, अंगाने काटकुळा, तोंडाने गोड. मला 'उस्ताद' म्हणायचा. मी चौतिशीचा होतो आणि बर्मा पाहून आलो होतो. तिथे पाण्यात उभं राहून टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या. एका रंगाऱ्याचा मला हेवा वाटेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला हसलो असतो.

वायरिंगला मला दोन महिने लागले. सांगाड्याच्या लाकडाला धरून एकेक तार नेली. दर वीतभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याने गाठ, सगळ्या गाठी एका बाजूला, एका मापाच्या. कुणी पाहणार नव्हतं, तरी केल्या. मग सांगाड्यावर कापड चढलं आणि ढमालेने त्यावर डोप मारलं. डोप म्हणजे विमानाच्या कापडाला देतात ते घट्ट वार्निश. त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास येतो, आणि वाळलं की कापड इतकं आवळतं की टिचकी मारल्यावर हलगीसारखं वाजतं. माझे दोन महिने त्या कापडाखाली गेले.

वर राहिला रंग. ढमालेने अंगाला पिवळा दिला, आणि नाकापासून शेपटापर्यंत एक तांबडी रेघ ओढली. फूटपट्टी नाही, चिकटपट्टी नाही. श्वास धरला आणि एका दमात ओढली. बैलाच्या शिंगाला पट्टा ओढावा तशी.

मग बघ्यांची रीघ लागली. ऑफिसर येत, त्यांच्या मेमसाहेब येत, रविवारी गावातली माणसं कुंपणापाशी उभी राहत. सगळ्यांचा प्रश्न एकच: रंग कोणी दिला? ढमाले लाजून पुढे होई. "हे आमचं पाखरू," म्हणे. विमानाला पाखरू हे नाव त्यानेच पाडलं आणि ते साहेबांच्याही तोंडी बसलं. तारा कोणी ओढल्या हे एका माणसाने विचारलं नाही.

एका रविवारी मी बायकोला क्वार्टरमधून मुद्दाम शेडवर नेलं. तिने पाखराभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अगंबाई, काय देखणं रंगवलंय!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही काय केलं यात?"

मी म्हटलं, "आतलं."

"आतलं म्हणजे?"

ढमाले मध्येच बोलला, "वहिनी, उस्ताद नसते तर हे पाखरू न्हवं, नुसता कागदी पतंग आस्ता."

तो मनापासून बोलला होता. मला मात्र मिरच्या झोंबल्या. माझी बाजू यानं घ्यावी, तीही माझ्या बायकोसमोर, एवढं माझं काही अडलं नव्हतं. त्या दिवशी मी चहा न घेता परत आलो. 

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

विमानात काही ठिकाणी तार थेट लोखंडाला जोडतात, तिला अर्थिंग म्हणतात. तिथे लोखंड उघडं, चकचकीत लागतं. मध्ये रंग आला तर वीज जात नाही. आमच्या पाखरात अशा पाच जागा होत्या. रंगाचा हात मारायच्या आधी मी पाचही तारा सोडायचो, आणि प्रत्येक बोल्टच्या भोकातून एक लाल दोरा ओवून गाठ मारायचो. दोरा दिसला की ढमाले तिथे रुपयाएवढी जागा कोरी सोडायचा. रंग वाळला की मी दोरे काढून तारा परत जोडायचो. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती, कुणी ऑर्डर दिली नव्हती. आमच्या दोघांत ठरून गेली होती. इंजिन आणि वायरिंगमधलं ढमालेला शून्य कळायचं, पण दोरा कळायचा.

हिवाळ्याच्या अखेरीस काम संपत आलं. शनिवारी सकाळी दहाला सीओ साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. त्यांच्यासमोर इंजिन चालवून दाखवायचं आणि पुढच्या आठवड्यात पहिलं उड्डाण. शुक्रवारी दुपारी इंजिनच्या मागच्या लोखंडी चौकटीला काळ्या रंगाचा शेवटचा हात राहिला होता. अडीच वाजता मी तारा सोडल्या आणि दोरे बांधायला घेतले. चार बांधले. पाचव्याला वाकलो, तेवढ्यात मागे खन्ना साहेबांचा आवाज आला.

"ढमाले, पहली उड़ान मैं अकेला करूँगा. दूसरी में तू बैठेगा. तू हलका है."

"मी, साब?" ढमालेने विचारलं.

मी वळून पाहिलं नाही. साहेबांनी कारण सांगितलं होतं: तो हलका होता, छप्पन किलोचा. माझं वजन शहात्तर. हिशेब बरोबर होता. पण मला तो ऐकू आला नाही. मला ऐकू आलं ते एवढंच की रंगारी आभाळात जाणार आणि उस्ताद खालून मान वर करून बघणार.

पाचवा दोरा माझ्या बोटात होता. मी तो खिशात घातला.

विसरलो नाही. ठेवला. त्याला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं, ही शपथ आजही घेईन. मनात एवढंच होतं की याच्या रंगाने एकदा काम अडू दे, आणि सीओ साहेबांसमोर अडू दे. म्हणजे कळेल सगळ्यांना, रंग कुठे आणि वायरिंग कुठे.

ढमाले ब्रश घेऊन आला. चार दोरे दिसत होते. पाचवी जागा चौकटीच्या मागच्या अंगाला होती. तो दोरे मोजायचा नाही, दिसला तिथे थांबायचा.

"उस्ताद, मारू हात?"

"मार."

शनिवारी इन्स्पेक्शनपुरती आम्हाला ड्यूटीतून सूट होती. सात चाळीसला मी तारा जोडायला शेडमध्ये गेलो. चार जागा कोऱ्या, कंपासने आखल्यासारख्या गोल. पाचवी काळी कुळकुळीत. बोल्टच्या आट्यांतही रंग गेला होता. मी तार तशीच त्यावर घट्ट आवळली आणि टेस्ट लॅम्प लावला. दिवा लागला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. खरवडायला पातं खिशात होतं. दोन मिनिटांचं काम. मी लॅम्प गुंडाळून ठेवला. दहा वाजता सीओ साहेब वायरिंगपाशी आले की तो बाहेर काढायचा, आणि म्हणायचं: सर, अर्थिंग नाही, वर रंग आहे. वाक्यसुद्धा मनात दोनदा म्हणून ठेवलं होतं.

ती पाचवी तार मॅग्नेटोच्या स्विचची होती.

सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो. घरातल्या दिव्याचं बटण बंद केलं की वीज येत नाही. विमानाच्या मॅग्नेटोचं उलट असतं. इंजिन फिरलं की तो आपली ठिणगी आपणच तयार करतो. स्विच बंद करणं म्हणजे ती ठिणगी अर्थिंगच्या तारेने लोखंडात उतरवणं. ती तारच तुटली, तर स्विच 'ऑफ' दाखवतो आणि इंजिन जिवंत असतं. हे शेडमध्ये दोनच माणसांना ठाऊक होतं, खन्ना साहेबांना आणि मला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी साहेब आले. गणवेश कडक, चेहऱ्यावर परीक्षेचा ताण.

"इंजन में पेट्रोल भर के रखो. सीओ साहब के सामने एक झटके में चालू होना चाहिए."

"जी साब."

ते सीओ साहेबांना घ्यायला गेटकडे गेले. हे माझ्या हिशेबात नव्हतं. पेट्रोल आत ओढून घेण्यासाठी पंखा हाताने चार वेळा फिरवावा लागतो. स्विच ऑफ ठेवून. पंखा नेहमी ढमाले फिरवायचा आणि मी आत बसायचो. चाकांना लाकडी गुटके लावले होते. मी आत बसलो. तो पुढे उभा राहिला आणि पंख्याच्या पात्याला हात घातला.

"स्विच ऑफ?"

मी स्विचकडे पाहिलं. तो ऑफ होता.

'थांब' एवढा एक शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर तार मी आवळली आहे हे सांगावं लागलं असतं, लॅम्प लावून पाहिला होता हेही सांगावं लागलं असतं. इंजिन थंडगार आहे, हाताने हळू फिरवल्यावर बहुतेक वेळा काही होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

"स्विच ऑफ," मी म्हटलं.

"पेट्रोल ऑन?"

"पेट्रोल ऑन."

"फिरवतो, उस्ताद."

एक. दोन. तिसऱ्याला इंजिन पेटलं.

पातं त्याच्या डोक्याला लागलं. तो पडलेला मला दिसला नाही, मध्ये इंजिन होतं. दिसेनासा झाला एवढंच कळलं. माझा हात सवयीने स्विचवर गेला. स्विच आधीच बंद होता. मग पेट्रोल बंद केलं, पण नळीत उरलेलं संपेपर्यंत इंजिन धडधडत राहिलं. वेळ नऊ सतरा. ढमाले मिलिटरी हॉस्पिटलमध्ये अकरा चाळीसला वारला. शुद्धीवर आला नाही.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन ऑफिसर, एक टेबल.

"स्विच ऑफ था?"

"जी सर. ऑफ था."

"अर्थिंग टेस्ट की थी?"

"नहीं सर. टाइम नहीं मिला."

ते माझं खोटं. चौकट खरवडली तेव्हा तारेखाली काळा रंग सापडला. निकाल असा लागला की नाईक ढमाले याने अर्थिंगच्या जागी रंग दिला आणि हवालदाराने टेस्ट केली नाही. मला एक रेप्रिमांड, म्हणजे लेखी ताकीद मिळाली. खन्ना साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि "गलती मेरी थी" म्हणाले. मी त्यांनाही काही सांगितलं नाही. दोऱ्याबद्दल मला कोणी विचारलं नाही, कारण दोरा कुठल्या पुस्तकात नव्हता.

महिनाभराने ढमालेचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले. मुंडासं, पायात जाड वहाणा, हात बैलांच्या दोरीने घट्टे पडलेले. मी स्टोअरमधून ट्रंक काढून दिली. त्यांनी ती उघडली. वर ब्रश होते, धुऊन फडक्यात गुंडाळलेले. त्यांनी ते परत तसेच गुंडाळले.

"तुमीच उस्ताद न्हवं?" त्यांनी विचारलं. "पोरगा लई नाव काढायचा तुमचं."

"हो, मीच."

"सायेब म्हनले, रंग चुकीच्या जागी लागला. बबन्याच्या हातनं चूक झाली. व्हय का?"

"कागदावर तसं आहे," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाला, "पर त्यो सुट्टीला आला तवा सांगायचा, आमचं उस्ताद तांबडा दोरा बांधत्यात. दोरा आसंल तितं हात लावायचा न्हाई, बाकी डोळं झाकून रंगवायचं. म्हनून आपली चूक व्हतच न्हाई, म्हनायचा. मंग दोरा सुटला व्हता का?"

मी म्हटलं, "सुटला असेल."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचा जीव जरा भांड्यात पडलेला दिसला. "मंग त्याला कसा दिसंल," तो म्हणाला. "त्याची काय चूक." ट्रंक खांद्यावर घेऊन तो भोसरीच्या रस्त्याला लागला. मी ती उचलायला पुढे झालो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या उस्ताद, हलकी हाय."

पाखरू त्याच उन्हाळ्यात मोडीत काढलं. कापड फाडलं तेव्हा माझ्या गाठी जशाच्या तशा निघाल्या, एका बाजूला, एका मापाच्या. पाहणाऱ्यांपैकी एक जवान म्हणाला, "काय काम केलंय!" दोन महिने मला जे ऐकायचं होतं ते हेच. मी शेडमधून बाहेर आलो.

बर्मात माझ्यासोबतचे जे गेले त्यांची नावं इथल्या युद्धस्मारकाच्या दगडावर कोरली आहेत. मी दर वर्षी तिथे जाऊन सॅल्यूट करतो. ढमालेचं नाव कुठल्या दगडावर नाही, कारण तो लढाईत गेला नाही. त्याचं नाव एकाच कागदावर आहे, इन्क्वायरीच्या, आणि तिथे त्याच्या नावापुढे चूक लिहिली आहे. त्याचे वडील आता नाहीत. खन्ना साहेबही नाहीत. खरं काय झालं हे ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

नाईक बबन ढमाले, रंगारी. त्याची चूक नव्हती. दोरा सुटला नव्हता. तो माझ्या खिशात होता.