अपूर्वच्या लॅपटॉपमधलं घरचं

श्रद्धाचा नवरा अपूर्व गेल्यानंतर साधारण महिन्याने, तो घरून काम करायचा त्या पुण्याच्या कंपनीतून प्रीती नावाच्या मुलीचा फोन आला. शनिवारी कुरिअरवाला कंपनीचा लॅपटॉप न्यायला येणार होता.

"मॅडम, घरच्या फाइल काढून घ्या," ती हळूच म्हणाली. "कामाच्या मात्र घेता येणार नाहीत."

श्रद्धा "बरं" म्हणाली. त्या महिन्यात ती सगळ्यांना "बरं" एवढंच म्हणत होती. अंबड रस्त्यावर अपूर्वची मोटरसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनाही ती बरं म्हणाली होती. रडू आलं नव्हतं. बायका म्हणत, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिला झालं होतं.

ती जालन्यात मस्तगडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवायची. फोल्डरमधून फाइल कशी शोधायची, हे दर बॅचला सांगायची. स्टार म्हणजे काहीही, पुढे डॉट आणि फाइलचा प्रकार. पॅटर्न चुकला, तर फाइल असूनही दिसणार नाही.

तिने लॅपटॉप उघडला आणि फोटोंसाठी स्टार डॉट जेपीजी टाकलं. पडदाभर नावं धावली. सगळी कंपनीची चिन्हं, बटणांची चित्रं. कामाचे फोल्डर वगळून तिने पुन्हा शोधलं. आता थोडेच फोटो उरले. लाइटच्या मीटरचा, मोटारीच्या जळालेल्या वायरचा, टाकीला गेलेल्या तड्याचा. माणूस एकाही फोटोत नव्हता. तिने ते पेन ड्राइव्हवर घेतले.

सासूबाई, गिरिजाबाई, दारात उभ्या होत्या. "सापडलं का काही?"

"टाकीचा फोटो आहे, आई."

"त्याचा आवाज असंल का गं त्यात?"

श्रद्धाने एमपीथ्री टाकलं, एमपीफोर टाकलं. काहीच आलं नाही. तेवढ्यात क्लासमध्ये तिच्यासोबत शिकवणाऱ्या फरहीनचा फोन आला. ती रोज करायची. काय करून राह्यलीस, विचारल्यावर श्रद्धाने सांगितलं.

"एमकेव्ही टाकून पाह्यलं का?" फरहीन म्हणाली. "स्क्रीन रेकॉर्ड केली की बऱ्याचदा तसल्याच फाइल होतात."

हे श्रद्धालाही माहीत होतं. आठवलं नव्हतं, एवढंच.

एकच फाइल सापडली, कामाच्या फोल्डरमध्ये. अपूर्व कोणाला तरी इंग्रजीतून प्रोग्राम समजावत होता. गिरिजाबाई खाली बसल्या आणि एक अक्षर कळत नसताना सगळं ऐकत राहिल्या. मध्येच दार वाजलं. अपूर्व मराठीत म्हणाला, "आई, मीटिंग चालू हाय. चहा तिथंच ठेव."

मागून गिरिजाबाईंचाच आवाज आला. "थंड होईल रे."

"होऊ दे. पितो मी."

पुन्हा इंग्रजी सुरू झालं. गिरिजाबाईंनी पदर तोंडावर घेतला. श्रद्धा त्यांच्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहत राहिली. हात ठेवायला हवा, असं तिला वाटलं. मग तिने ठेवला.

ही फाइल घेऊ का, असं तिने प्रीतीला फोन करून विचारलं. प्रीती म्हणाली, "ते कामाचं रेकॉर्डिंग आहे ना, मॅडम. विचारून कळवते."

शनिवारी दुपारपर्यंत काही कळवलं नाही. कुरिअरवाला फाटकाशी येऊन हाका मारू लागला, तेव्हा श्रद्धाने चहाचा तेवढाच तुकडा कापून पेन ड्राइव्हवर घेतला. तेवढं घरचं होतं. बाकीचं तिने जसंच्या तसं ठेवलं आणि लॅपटॉप खोक्यात घालून सही केली.

रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, लावू का ते पुन्हा?"

गिरिजाबाईंनी मान हलवली. "न्हाई. कामात हाय तो."

सोमवारी श्रद्धा क्लासला गेली. नव्या बॅचचा नेमका फाइल शोधण्याचाच धडा होता. फरहीन म्हणाली, "मी घेते, तू बस." श्रद्धाने खडू उचलला. तिने सगळं बरोबर शिकवलं, उदाहरणं दिली, कोणी विचारलं ते दोनदा समजावलं. तिच्या मनात काय चाललंय, ते पोरांना कळलं नाही. तास संपल्यावर तिने फळा पुसला आणि पुढची बॅच आत बोलावली.