काचेच्या आतलं पाणी

चूक माझीच होती. भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही दोघं नवराबायको हिमाचलातल्या एका नदीकाठी मुक्कामाला थांबलो होतो. बायकोने किलकिली ठेवलेली खिडकी मी झोपताना घट्ट लावली आणि छताच्या झरोक्यातही टॉवेल कोंबला.

"अहो, थोडी हवा खेळू द्या," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय थंडीतलं!" मी खेकसलो. ती कूस बदलून झोपली.

सकाळी पाहिलं, तर काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत होतं. ते आमच्याच श्वासांचं होतं. ती खिडकीलगत झोपल्याने तिच्या अंगावरची गोधडी कडेने भिजली होती आणि ती अंग आखडून बसली होती.

मी त्या काचेवरून बोट फिरवत राहिलो. ऊब म्हणजे सगळं लावून घेणं, असं मला का वाटत आलं? घरीही काळजीच्या नावाखाली मी हेच करतो. तिचं म्हणणं आत येऊ देत नाही आणि वर समजतो, की मी संसार जपतोय.

मी खिडकी थोडी उघडली, माझी कोरडी गोधडी तिच्याभोवती गुंडाळली आणि आल्याचा चहा केला. गार हवेची बारीक झुळूक येत होती, तरी आत छान उबदार वाटू लागलं.

"तुमची गोधडी बरी कोरडी राहिली!" चहा फुंकत ती म्हणाली.

मला हसू आलं आणि लाजही वाटली.

"खिडकीचं चुकलंच माझं," मी म्हणालो, "पण तुला काय कळतंय म्हणालो, ते त्याहून चुकलं. माफ कर."