ढोल वाजतोय तोवर

दुष्काळात आमची मेंढरं मेली, पण तो आंबा बापानं मरू दिला नाय. गारखेड्याच्या पलीकडं, शहर पोचलं नव्हतं तिथं, आमच्या पालाशेजारी तो उभा होता. टँकर आला की आमच्या आधी एक हंडा त्याच्या बुडाला. आई करवादायची, "लेकरांच्या घशाला कोरड, अन् ह्यांना झाडाचं कौतुक." बाप म्हणायचा, "ढोल कुणी दिला?" खरंच होतं ते. वादळात त्याची जाडजूड फांदी पडली, तीच कोरून बापानं ढोल केला होता. ढोलासाठी जित्या झाडाला आमच्यात कुणी हात लावत नाय.

आणखी एक रीत होती. ढोल वाजतोय तोवर कुणी लोखंड हातात धरायचं नाय. कोयता, कुऱ्हाड, सगळं खाली. भावकीतली भांडणं बाप अशीच मिटवायचा, समोरच्यांची रग जिरेपर्यंत बडवत राहायचा.

मग रस्ता रुंद करायला ठेकेदार माणसं अन् मशीनची करवत घेऊन आला. चुलता कुऱ्हाड घेऊन धावला. बापानं त्याला अडवलं, ढोल गळ्यात घातला अन् मला म्हणाला, "झांज घे." त्याला वाटलं, ढोल ऐकून तीही माणसं करवत खाली ठेवतील. चुलत्यानं कुऱ्हाड मुकाट जमिनीवर टाकली. त्या माणसांतला एक नाचायला लागला, बाकीचे हसले. करवत चालूच.

माझं डोकं असं फिरलं होतं की झांजा त्यांच्या तोंडावर फेकून माराव्या वाटल्या. बापाची बोटं फुटली, कातड्यावर रक्त उडत होतं, तरी तो बडवत होता. बुंधा कडाडला, आंबा आडवा झाला. ठेकेदार हसत म्हणाला, "बस करो मामू. लाकूड न्या की, लई ढोल होतील."

बापानं ढोल थांबवला.

आमच्यात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. चुलत्यानं कुऱ्हाड उचलली अन् ठेकेदाराच्या मानेत घातली. तो तिथंच, ओल्या भुशात तडफडून मेला.

चुलता हर्सूलच्या जेलात गेला. ठाण्यात बापाला विचारलं, तू काय केलंस? "मी वाजवायचा थांबलो, साहेब." त्यांना ते कळलंच नाय.

आता तो ढोल मी वाजवतो, परदेशी बासरी-गिटारवाल्यांसोबत. झाडांचं संगीत म्हणतात त्याला, ऐकून लई शांत वाटतं म्हणतात. वाटू दे. मला शेवटच्या ठोक्याचं भ्या वाटतं. थांबायच्या आधी मी समोर बसलेल्यांचे हात बघून घेतो.