तिसरं कडवं

प्लेगच्या त्या हिवाळ्यात माझा प्रार्थनेवरचा विश्वास उडाला होता, हे आता म्हातारपणी कबूल करायला मला लाज वाटत नाही. बेळगाव ओस पडलं होतं. घरांना कुलपं लावून लोक शहराबाहेर झोपड्या बांधून राहिले होते. आम्ही चार ख्रिस्ती कुटुंबं उचगावच्या वाटेवर बाळाप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात उतरलो होतो. तिथे येण्याच्या आठवडाभर आधी आमची पाच महिन्यांची मुलगी तापानं गेली. माझी बायको सगुणा त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. भाकऱ्या थापायची, पाणी भरायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. रडलीसुद्धा नाही. ताटात वाढलेलं तसंच राहायचं आणि ती दिवसागणिक खंगत चालली होती. मुलगी गेली, आता हीही जाते की काय, या धास्तीनं मी रोज गुडघे टेकायचो आणि उठताना मनात यायचं, ऐकतंय कोण?

त्यातच नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला. एरवी हे चार आठवडे आमच्या घरी नुसती धांदल असायची. मी मिशनच्या शाळेत मास्तर आणि आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवणारा, सगुणा गाणारी. रोज संध्याकाळी मंडळी तालमीला जमायची आणि माझ्या शिस्तीनं मेटाकुटीला यायची. कुणी नीट टेकायच्या आत मी सूर धरायचो, कुणी खोकलं तरी डोळे वटारायचो. नाताळ घरात पाऊल टाकतो तो गाण्यांतून, असं सगुणा म्हणायची. नवे कपडे, फराळ सगळं त्याच्या मागून. पण ती सगळी गाणी बाळाची. येणाऱ्या बाळाची वाट पाहणारी. ती आता तिच्या कानावर कशी घालायची? मी सगळ्यांना बजावलं, यंदा गाणी नाहीत, गुणगुणणंसुद्धा नाही. माणसांनी निमूट ऐकलं. बायकोला जपतोय, अशा समजुतीत मी होतो.

तिसऱ्या रविवारी दुपारी बाळाप्पा झोपडीपाशी आला. त्याच्या खळ्यावर भाताची मळणी उरकून रास लागली होती. रास मापण्याआधी तिथे भजन करायचं, ही त्यांच्या घरची रीत. पण गावातले भजनी साथीच्या भीतीनं पांगले होते.

"मास्तर, तुम्हीच म्हणा की चार गाणी. भजनाबिगर आमच्या बानं कधी माप लावलं न्हाय."

"आमची गाणी वेगळी असतात, बाळाप्पा. आणि यंदा आम्ही गात नाही."

"असू द्यात वेगळी. देवाचं नाव हाय न्हवं त्यात? मग झालं की. आक्कालाबी घेऊन या."

मी मनातून वैतागलो. पण ज्याच्या रानात राहायचं त्याला नाही कसं म्हणणार? सगुणाला मात्र मी नेलं नाही. आम्ही सात-आठ जण खळ्यावर जाऊन बसलो. पेटी शहरात कुलपात होती, म्हणून बाळाप्पानं टाळ दिले. त्याच्या घरची माणसं राशीभोवती हात जोडून बसली. मी चार कडव्यांचं एक गाणं निवडलं. पहिल्यात मेंढपाळ, दुसऱ्यात तारा आणि तिसऱ्यात मरिया आपल्या येणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवत बसलेली. खळ्यापासून झोपडी हाकेच्या अंतरावर. दुसरं कडवं संपताच मी मंडळींना खूण केली आणि तिसरं गाळून सरळ चौथं धरलं.

"तिसरं राहिलं."

मागून आवाज आला. बसलेला, खरखरीत, पण सगुणाचाच. ती खळ्याच्या कडेला उभी होती. टाळ थांबले.

"मधलं कडवं असं टाकू नये," ती म्हणाली आणि उभ्यानंच तिनं ते धरलं. दुपट्याच्या ओळीपाशी आवाज चिरकला. ती थांबली, डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा तिथूनच उचललं. आम्ही कुणीच साथ दिली नाही. टाळ मांडीवर ठेवून ऐकत राहिलो. कडवं पुरं झालं आणि सगुणा मोठ्यानं रडू लागली. बाळाप्पाच्या म्हाताऱ्या आईनं तिला जवळ बसवून घेतलं. "रड गं लेकी, रड," एवढंच ती म्हणत होती. माप लागलं, उन्हं उतरली. म्हातारीनं दिलेली चटणी-भाकरी सगुणानं सगळी खाल्ली.

बाळाप्पाला त्या दुपारी प्रभूनं पाठवलं की त्याच्या घरच्या रितीनं, याचा वाद मी कधी घातला नाही. माझं गाऱ्हाणं ऐकलं गेलं, एवढं मी जाणतो, आणि त्याबद्दल आजही रोज आभार मानतो. येणाऱ्याची वाट आपण पाहायची असते. त्यानं कुठल्या दारानं यावं, हे ठरवणं आपल्या हातात नसतं. मी ती दारंच लावून बसलो होतो.

त्या संध्याकाळी खळ्यावरून परतताना बांधावर मी तिला म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून मी गाणी बंद केली होती."

ती चालता चालता थांबली. "तुम्ही केली होती? मला वाटलं, देवानंच बंद केली."

दुसऱ्या दिवशी झोपडीपुढे तालीम बसली. मंडळी जमली, माझ्याकडे पाहू लागली. आणि कुठलं गाणं घ्यायचं, ते मी सगुणाला विचारलं.