उलट्या होडीच्या डोंगरावर

बहरीनमध्ये चढायला काही नाही. सगळ्यात उंच जागा म्हणजे जबल अद-दुखान, धुराचा डोंगर. नाव मोठं, पण आपल्याकडे त्याला टेकडीच म्हणतील. सौदीला जोडणारा पूल व्हायच्या आधीची गोष्ट. मी सलमाबादला एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळत होतो. एका शुक्रवारी बायकोला घेऊन त्या टेकडीवर गेलो, ते सराव म्हणून. त्या वर्षीच्या रजेत गावी जायच्या आधी आम्ही इंडोनेशियाला जाणार होतो. तिचा धाकटा भाऊ तिथे बांडुंग शहरात कापडाच्या गिरणीत नोकरीला होता. त्याने पत्रात लिहिलं होतं, ‘ताईला जिवंत ज्वालामुखी दाखवतो. भाऊजींना सांग, यादी करा.’

यादी मी केलीच. स्टोअरमध्ये माझा नियम होता, वस्तू हातात घेतल्याशिवाय तिच्यापुढे टिक करायची नाही. घरीही तोच नियम. एकूण बावीस वस्तू झाल्या. पहिली होती पंप.

बायकोला दमा होता. धुळीचा वारा सुटला की तिची छाती वाजायला लागे. मग निळा पंप तोंडात धरून दाबायचा आणि थांबायचं. एकदा दुपारी तो गाडीत राहिला आणि हाताला चटका बसेल इतका तापला. तेव्हापासून त्याची जागा फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचेत. बहरीनच्या उन्हाळ्यात सगळंच फ्रिजमध्ये ठेवायची सवय लागते. आमच्या फ्रिजमध्ये कॅमेऱ्याचे रोल होते, मेणबत्त्या होत्या, तिची टिकल्यांची पाकिटंसुद्धा होती.

त्या टेकडीवर ती दोनदा थांबली.

“अहो, श्वास घ्यायचा, हेही यादीत लिहून ठेवा,” ती म्हणाली.

“आपण ज्वालामुखी रद्द करू.”

“काही रद्द नाही. पंप आहे ना?”

पंप होता.

बांडुंगला मेहुण्याच्या घरी आदल्या संध्याकाळी मी बावीसच्या बावीस वस्तू पलंगावर मांडल्या. एकेक हातात घेतली, टिक केली, पिशवीत भरली. मग मनात आलं, उद्या गरम जागी जायचंय, निदान रात्रभर तरी पंप गार राहू दे. पिशवीतून काढला आणि त्याच्या फ्रिजच्या दारात ठेवला, अंड्यांच्या खाचेत. टिक तशीच राहिली. बांडुंग हे थंड हवेचं शहर आहे, सकाळी आम्ही स्वेटर घालून निघालो, तरीही मला काही आठवलं नाही. मेहुण्याने जाता जाता बाजारातून सहा अंडी घेतली.

लांबून तो डोंगर उलट्या होडीसारखा दिसतो. आमच्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून पालथ्या घालतात, अगदी तसा. त्या ओळखीने जरा बरं वाटलं. ते वर पोचेपर्यंत टिकलं. रस्ता थेट मोठ्या विवराच्या काठापर्यंत जातो. खाली राखाडी रंगाचा प्रचंड खड्डा, भिंतींतून निघणारी वाफ आणि नासक्या अंड्यांचा वास. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह सुटला की माणसं पळतात. इथे तोच आवाज जमिनीतून येत होता आणि लोक फोटो काढत होते.

“बघून झालं,” मी म्हणालो.

“भाऊजी, खरी मजा खाली आहे. गरम पाण्यात अंडी उकडायची.”

त्याने ठरवलेला वाटाड्या म्हातारा होता. खांद्यावर टॉवेल, हातात बांबूची काठी. झाडीतून अर्धा-पाऊण तास उतरून आम्ही धाकट्या विवरात आलो. उघडी पांढरट जमीन, खळखळ उकळणारी डबकी. म्हातारा काठी आपटायचा आणि जिथे पोकळ आवाज येई तिथून आम्हाला बाजूला घ्यायचा. बुटांच्या तळव्यातून ऊब येत होती. माझं सगळं लक्ष पायांकडे होतं.

वारा फिरला तेव्हा मेहुणा उकडण्यासाठी आपल्या पिशवीतून अंडी काढत होता. वाफेचा लोट आमच्यावर आला आणि काही दिसेना. मला बायकोचा खोकला ऐकू आला. मग खोकला थांबला आणि शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. तो आवाज मला पाठ होता.

मी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला. रिकामा. आतला कप्पाही रिकामा. सगळी पिशवी त्या गरम जमिनीवर उपडी केली. खिशातून यादी काढली. एक, पंप, टिक. आणि मला फ्रिजचं दार दिसलं.

“भाऊजी, पंप द्या ना लवकर!”

“तुझ्या फ्रिजमध्ये आहे.”

“चेष्टा करायची ही वेळ आहे का?”

“अरे, अंड्यांच्या खाचेत. मीच ठेवला.”

बांडुंग तासाभराच्या अंतरावर होतं, तेही गाडीपर्यंत चढून गेल्यावर.

म्हाताऱ्याने पाण्याच्या बाटलीने टॉवेल भिजवून तिच्या नाकातोंडावर धरला आणि भलत्याच बाजूला चढणीकडे हात केला. आलो ती वाट माझ्या नीट लक्षात होती, वळणांसकट. मी तिकडेच वळलो. त्याने माझा दंड धरला. “गॅस, गॅस,” म्हणत पंजा जमिनीकडे दाबून दाखवला. आमच्या वाटेवर वाफ बसली होती, गुडघ्याएवढी, हलत नव्हती. मी त्याचं ऐकलं. आयुष्यात इतकं घाबरून मी कोणाचं ऐकलेलं नाही.

मेहुणा गाडी आणायला पुढे पळाला. आम्ही दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. तिची मान पुढे आली होती, खांदे वर चढले होते, नखं निळसर दिसत होती. मला काहीतरी हातात धरायला हवं होतं, म्हणून मी तिचे श्वास मोजू लागलो. मोठ्याने.

“मोजू...” ती थांबली. “...नका.”

मोठ्याने मोजणं मी थांबवलं. मनातलं थांबेना. तिच्या व्हिसाच्या कागदावर जबाबदार माणूस म्हणून माझी सही होती. गावी तिच्या आईला मी काय सांगणार होतो? फ्रिजमध्ये ठेवला होता म्हणून?

झाडीत शिरल्यावर हवा बदलली. वर रस्त्याकडेला एक टपरी होती. तिथल्या बाईने काही न विचारता आल्याचा कडकडीत काढा पुढे केला. बायकोने तो घोटाघोटाने घेतला. शिट्टी थांबली नाही, पण दोन श्वासांमधलं अंतर जरा वाढलं. मग मेहुण्याची गाडी आली. सगळ्या काचा खाली करून ती तासभर ताठ बसली होती. प्रत्येक वळणावर मी तिच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत होतो. तो आत जातोय, म्हणजे ती श्वास घेतेय.

घरी पोचल्यावर मी आधी फ्रिज उघडला. पंप खाचेत होता. तिने दोनदा दाबला, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “गारेगार आहे हो.”

तेव्हा कुठे मी स्वयंपाकघरातच फरशीवर बसलो. मेहुण्याने आपल्या पिशवीतून सहाच्या सहा कच्ची अंडी काढली. एकही फुटलं नव्हतं. त्याने ती खाचांमध्ये एकेक करून ठेवली आणि म्हणाला, “भाऊजी, आता इथे दुसरं काही मावणार नाही.”

बसल्या जागेवरूनच मी फ्रिजचं दार लावलं.

बहरीनला परतल्यावर तिने बाब अल बहरीनच्या बाजारातून जाड काळी दोरी आणली आणि पंपासाठी कापडी पिशवी शिवून गळ्यात अडकवली, मंगळसूत्राच्या खाली. पुढच्या रजेला निघताना मी यादी घेऊन दारात उभा राहिलो.

“पंप?”

तिने दोरी ओढून पिशवी बाहेर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली.

“हात लावू नका. नुसतं बघा आणि टिक करा.”