आत उघडणारं दार

ऑफिसात तिला सगळे उलटीबाई म्हणत. अगदी तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही. रुग्णालयांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात असलं नाव पडलं की ते जन्माला चिकटतं. कारण एवढंच, की बाकीचे आर्किटेक्ट संडासाचं दार आत उघडणारं काढत आणि ही बाई उलटं, बाहेर उघडणारं. कुणाच्या घरी गेली तरी चहाच्या आधी ती संडासाचं दार ढकलून बघायची. सासरी पहिल्याच दिवशी त्यावरून खसखस पिकली होती. तिनं हसू दिलं. असल्या हसण्यावर ती चिडत नसे. चिडायच्या जागा तिनं राखून ठेवल्या होत्या.

त्यातली पहिली जागा म्हणजे आत्या. आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच तिला वाढवलं, स्वतःच्या मुलापेक्षा काकणभर जास्तच लाड करून. ही आत्या म्हातारपणी रुग्णालयात होती. बरी होत आली होती, घरी जायच्या गोष्टी चालल्या होत्या. संडासात गेली आणि चक्कर येऊन पडली ती दारालाच टेकून. संडास एवढासा, दार आत उघडणारं. बाहेरून आतेभाऊ ढकलतोय, वॉर्डबॉय ढकलतोय, आणि जितकं ढकलावं तितकं दार आत्याच्याच अंगावर. ही मागे उभी, पुढे जायला वाटच नाही. आतून आत्या काहीतरी बोलत होती, पण धक्क्यांच्या आवाजात कुणालाच ते कळलं नाही. दार फोडून तिला बाहेर काढलं तेव्हा बोलणं संपलं होतं. पडल्यामुळे गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. दाराला कुणी बोल लावला नाही. दार बिचारं नकाशाप्रमाणे होतं!

आता गावाच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी नवं रुग्णालय उभं राहिलं होतं. नर्सला बसल्या जागेवरून कुठली खाट दिसेल, गेलेल्या माणसाला जिवंतांच्या डोळ्यांसमोरून न्यावं लागू नये म्हणून वाट कुठून काढायची, सगळं तिनं जीव ओतून आखलं होतं. आणि प्रत्येक खोलीतल्या संडासाचं दार अर्थातच बाहेर उघडणारं. उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा ती खोल्या बघायला गेली. पहिलं दार ओढलं, ते येईना. ढकललं, तर आत गेलं. शेजारच्या खोलीतलंही तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑफिसचे मोठे साहेब सुताराला घेऊन तिथंच फिरत होते.

"दारं कुणी फिरवली?" तिनं विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "रंगीत चित्र बघितलंत ना खोलीचं? दार बाहेर उघडलं की पाहुण्यांच्या खुर्चीला आपटतं. कसं दिसतं ते!"

"मग खुर्ची सरकवायची."

"खुर्ची तिथंच शोभते हो. आणि आता चौकटी बसल्यात. उगाच राईचा पर्वत करू नका. पुढच्या इमारतीत बघू."

पुढच्या इमारतीत! म्हणजे या इमारतीतल्या म्हातारीनं पुढची बांधून होईपर्यंत तोल सांभाळायचा? माणसापेक्षा खुर्ची मोठी, हे खुर्चीवर बसणाऱ्यांचं जुनंच दुखणं. इथं तर मेली खुर्ची रिकामी होती.

ती समोरच्याच संडासात शिरली, दार लोटलं, त्याला पाठ टेकून फरशीवर बसली आणि पाय समोरच्या भिंतीला रोवले.

"अहो बाई, काय चाललंय?" बाहेरून साहेब.

"मी बेशुद्ध पडलेय. उघडा दार."

"चेष्टा पुरे झाली. बाहेर या."

"बेशुद्ध माणूस बाहेर येत नसतो, साहेब."

साहेबांनी सुताराला दार उतरवायला सांगितलं.

"बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत," सुतार म्हणाला. "बाहेरून हात लागायचा नाही." तो बहुतेक हसला असावा, कारण साहेब एकदम भडकले.

"तमाशा लावलाय नुसता! चल, दोघं मिळून ढकलू."

पहिला धक्का पाठीत बसला. तोंडातून ब्र काढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. दुसऱ्या धक्क्याला गुडघे दुमडले, डोकं फळीवर आपटलं, आणि तिच्या नकळत शब्द निघून गेले.

"ढकलू नका रे, लागतंय."

साहेबांना तिनं जन्मात कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं. हा 'रे' तिचा नव्हताच. कुणाचा होता ते तिला त्या फरशीवरच कळलं.

"काय म्हणाल्या?" बाहेर साहेब विचारत होते.

"नीट कळलं नाही," सुतार म्हणाला, आणि पुन्हा धक्का बसला.

मग मात्र ती ओरडली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं घशातून बाहेर पडलं. साहेबांचं खानदान, ते रंगीत चित्र, ती खुर्ची, कुणालाच तिनं सोडलं नाही. खालच्या मजल्यावरचे रंगारी हातातलं काम टाकून वर धावत आले.

धक्के थांबले.

"लागलं का हो?" साहेबांचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला, आणि पहिल्यांदाच खाली आलेला होता.

"लागलं. चौकटी काढा."

"काढतो. तुम्ही बाहेर या आधी."

"आधी काढा."

 मग साहेब सुताराला काहीतरी पुटपुटले, आणि शेजारच्या खोलीतून भिंतीवर पहार बसल्याचा आवाज आला. एक चौकट निखळून पडली तरी ती उठली नाही. राग उतरला नव्हता, आणि जिंकल्यासारखंही काही वाटत नव्हतं. आत्या काय बोलत होती ते आता तिला कळलं होतं. आतेभाऊ अजूनही कधीमधी विचारायचा, आई शेवटी काय म्हणत असेल गं? त्याला हे कधीच सांगायचं नाही, एवढं तिनं तिथं बसल्याबसल्या ठरवून टाकलं.